पुराव्याचे ओझे कुणाच्या डोक्यावर?

१

दलित लेखनावर मराठीतल्या प्रस्थापित समीक्षेने एक आक्षेप फार पूर्वीपासून घेतला आहे. तो सौम्य भाषेत घेतला जातो, म्हणून अधिक घातक ठरतो. हे लेखन प्रामाणिक आहे, वाचताना अंगावर काटा येतो, समाजाच्या अभ्यासकाला ते उपयोगी पडेल. पण ते साहित्य नव्हे, तो दस्तऐवज आहे, असे म्हटले जाते. म्हणजे आमच्या आयांच्या हातांवरचे घट्टे यांना पुरावा म्हणून चालतात, कलाकृती म्हणून चालत नाहीत. मी महाविद्यालयात तीस वर्षे मराठी शिकवले. आत्मकथन शिकवायला घेतले की दर वर्षी कुणी ना कुणी विद्यार्थी उठून हाच प्रश्न विचारायचा. मीही दर वर्षी अनुभवाची प्रामाणिकता, बांधिलकी, जीवननिष्ठा अशी ठरलेली उत्तरे द्यायचो. उत्तरे खोटी नव्हती. पण ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून दिलेली उत्तरे होती, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

ते ध्यानात आणून दिले एका परक्या मजकुराने. अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने १५ मे २०१८ रोजी एक निकाल दिला. कॅलिफोर्निया राज्यातल्या ओकलंड शहराने आपल्या बंदरावर कोळसा साठवायला आणि हाताळायला बंदी घातली होती. ती बंदी ज्या धक्क्यासाठी घातली होती, त्या धक्क्याच्या बाबतीत न्यायालयाने लागू होऊ दिली नाही. कारण काय? शहराने जे पुढे ठेवले, ते भरीव पुराव्याच्या कसोटीला उतरत नाही. तिथे शेकडो माणसे बोलली होती. दमेकरी मुलांच्या आया बोलल्या होत्या, डॉक्टर बोलले होते, गोदी कामगार बोलले होते. पण पुरावा नाही, असे ठरले.

इथे आम्हाला सांगतात, तुमचे बोलणे हा निव्वळ पुरावा आहे, ते साहित्य नव्हे. तिथे त्यांना सांगतात, तुमचे बोलणे मनाला भिडेल, पण तो पुरावा नव्हे. एकाच प्रकारच्या माणसाचे एकाच प्रकारचे बोलणे. दिवाणखान्यात गेले तर ते कागद ठरते आणि कचेरीत गेले तर हुंदका ठरते. तेव्हा प्रश्न बोलण्याच्या दर्जाचा नसून ते कोणत्या दाराशी उभे आहे याचा आहे. आणि त्या दाराचे कुलूप कुणाच्या हाती आहे, याचा.

२

ओकलंडच्या कोळशाशी तुमचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध दोन आहेत. एक घरचा, एक चळवळीचा.

घरचा आधी सांगतो. आमची वस्ती खानदेशातल्या एका मोठ्या रेल्वे जंक्शनाच्या कडेला होती. वाफेच्या इंजिनांचे दिवस होते. इंजिन शेडमध्ये आले की त्याच्या भट्टीतली राख खाली खड्ड्यात पाडत. त्या राखेत अर्धवट जळालेले कोळशाचे खडे असत. वस्तीतल्या बाया पहाटे टोपल्या घेऊन तिथे जात आणि गरम राखेतून ते खडे वेचत. माझी आई त्यांच्यातली एक. थोडा कोळसा आमच्या शेगडीला, उरलेला गावातल्या चहाच्या दुकानांना. त्या पैशांतून माझी वह्या-पुस्तके आली. म्हणजे मी कोळशावर शिकलो, हे अलंकारिक विधान नाही. चाळिशी उलटताच आईला खोकला लागला आणि तो तिला घेऊनच गेला. डॉक्टरने चिठ्ठीवर ‘जुनाट दमा’ असे लिहिले. तो का झाला, हे कुणी लिहिले नाही, कुणी विचारलेही नाही. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर कोळसा हा शब्द नाही. उद्या मी कुठल्याही कोर्टात गेलो तर माझ्याजवळ काय आहे? एक आठवण. आणि आठवणीला नगरपालिकेचा शिक्का नसतो.

चळवळीचा संबंध वाचकांना ठाऊक आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिने नाव घेतले ब्लॅक पँथरचे, आणि ब्लॅक पँथर १९६६ साली जन्मली ती याच ओकलंडमध्ये. त्याही आधी डॉ. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतून परत आल्यावर कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे आमच्या लेखकांचे लक्ष वेधले होते. आणि त्याही आधी, १९४६ साली, खुद्द बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. त्या पत्रातली मागणी काय होती? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज केला होता, त्याच्या प्रती पाठवा. सहानुभूतीचे दोन शब्द मागायला ते पत्र नव्हते. त्यांना दस्तऐवज हवा होता, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही त्याच दाराशी न्यायचा विचार होता.

आम्ही ओकलंडहून नाव आणले, मूठ आणली, घोषणेचा सूर आणला. त्या वस्तीत पुढे काय घडले याची चौकशी मात्र आम्ही फारशी केली नाही. ज्याचे नाव आपण पन्नास वर्षे मिरवतो त्याच्या घरी एकदा तरी जाऊन यावे, या भावनेने मी हे वाचू लागलो.

३

ब्लॅक पँथर जिथे रुजली ती पश्चिम ओकलंडची वस्ती रेल्वेनेच वसवलेली आहे. अमेरिका खंड ओलांडून येणारी रेल्वे १८६९ साली इथे येऊन थांबली. पुलमन कंपनीच्या शयनयानांत गोऱ्या प्रवाशांची अंथरुणे घालणारे, त्यांचे जोडे पुसणारे कृष्णवर्णीय पोर्टर याच टोकाला राहू लागले. त्यांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली. ओकलंडमध्ये सी. एल. डेलम्स यांनी ती टिकवली. बारा वर्षे झगडून १९३७ साली त्यांनी कंपनीशी पहिला करार केला. जोडे पुसणाऱ्याने मालकाला सहीला बसवले. हा करार लक्षात ठेवावा. पुढे आणखी दोन करार येणार आहेत.

नंतर त्या वस्तीवर काय काय आले? १९५७ साली दोन मजली महामार्ग वस्तीच्या छातीवरून गेला. टपाल खात्याच्या इमारतीसाठी शेकडो घरे पाडली गेली. १९८९ च्या भूकंपात तो महामार्ग कोसळला आणि त्याखाली ४२ माणसे मेली. तेव्हा वस्तीतल्या लोकांनी सांगितले, हा रस्ता पुन्हा आमच्या उरावर नको. ते लढले. महामार्ग वळवला गेला, आणि जुन्या जागी जो रस्ता २००५ साली खुला झाला त्याला नेल्सन मंडेलांचे नाव आहे. पण बंदर तिथेच राहिले, ट्रक तिथेच राहिले, डिझेलचा धूर तिथेच राहिला. २००८ साली त्या जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने आकडा काढला: पश्चिम ओकलंडमध्ये जन्मलेले कृष्णवर्णीय मूल ओकलंडच्या टेकडीवर जन्मलेल्या गोऱ्या मुलापेक्षा सुमारे १५ वर्षे कमी जगते. टेकडी आणि सखल यांत अंतर काही मैलांचे. गावकूस नाही, पण वेस आहे. आपल्याकडे वाऱ्याची दिशा पाहून महारवाडा कुठे वसवायचा हे ठरत असे. वरच्या आळीवरून गेलेला वारा खाली आला तर चालतो, खालचा वर जाता कामा नये. तिथे ही योजना कुणी धर्मग्रंथात लिहिली नव्हती. ती घरकर्जाच्या नकाशांत आणि रस्त्यांच्या आराखड्यांत होती.

या वस्तीला लागूनच लष्कराचा एक जुना तळ होता. १९९९ साली तो बंद झाला. ती जमीन शहराकडे आली. २०१३ साली शहराने तिथे माल-धक्का बांधण्यासाठी एका विकासकाशी करार केला. हा दुसरा करार. त्या वर्षाच्या अखेरीस विकासकाच्या वार्तापत्रात छापले गेले की कोळशात आम्हाला रस नाही. एप्रिल २०१५ मध्ये बातमी फुटली, आणि ती ओकलंडमध्ये नाही, हजारभर किलोमीटरवरच्या युटा राज्यात फुटली: तिथल्या चार कोळसा-जिल्ह्यांनी या धक्क्यात ५.३ कोटी डॉलर घालायचे ठरवले होते. युटाचा कोळसा रेल्वेने ओकलंडला आणायचा आणि तिथून जहाजाने आशियाकडे पाठवायचा, असा तो बेत. म्हणजे ज्यांच्या दारात धूळ पडणार त्यांना परगावच्या वर्तमानपत्रातून कळले.

मग सभा झाल्या, जनसुनावण्या झाल्या. मार्गारेट गॉर्डन या पश्चिम ओकलंडच्या ज्येष्ठ कार्यकर्त्या या लढ्यात होत्या. त्यांच्या संस्थेने त्याआधीच वस्तीतून जाणारे ट्रक मोजण्याचे काम केले होते. रस्त्याच्या कडेला उभे राहून वस्तीतल्या माणसांनी वही-पेन्सिल घेऊन मोजलेले ट्रक! यापेक्षा मोठे लोकसाहित्य मला ठाऊक नाही. गोदी कामगारांच्या दहा नंबरच्या स्थानिक संघटनेने, जिच्यात बहुसंख्य सभासद कृष्णवर्णीय आहेत, कोळशाला विरोध केला. २७ जून २०१६ रोजी नगर परिषदेने एकमताने बंदी मंजूर केली.

विरोधातही फूट होती, हे लपवू नये. बांधकाम आणि वाहतुकीच्या काही संघटना कोळशाच्या बाजूने होत्या, कारण त्यांना काम दिसत होते. वस्तीतले काही कृष्णवर्णीय धर्मगुरूही नोकऱ्यांसाठी धक्का हवा असे म्हणत होते. त्यांना विकले गेलेले म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. मी ते करणार नाही. ज्या वस्तीत पोरे बेकार बसलेली असतात, तिथे ‘आधी भाकरी, मग फुप्फुस’ हा हिशेब कुणीही मांडतो. माझ्या आईनेही मांडला होता. दोष हिशेब मांडणाऱ्याचा नाही. भाकरी आणि फुप्फुस यांतले एकच मिळेल अशी वाटणी ज्याने केली, त्याचा आहे.

४

आता निकालाकडे वळू. मी वकील नाही. समीक्षक म्हणून हा मजकूर वाचतो आहे.

२०१३ च्या करारात एक कलम होते. करार झाला त्या दिवशी जे नियम असतील तेच लागू. नंतर केलेला नियम या प्रकल्पाला लागू करायचा असेल, तर तो न लावल्यास रहिवाशांच्या किंवा कामगारांच्या आरोग्याला मोठा धोका आहे, हे शहराने भरीव पुराव्यानिशी दाखवले पाहिजे. न्यायमूर्ती विन्स छाब्रिया यांनी शहराचे पुरावे या मापाने तपासले. शहराने नेमलेल्या सल्लागारांच्या अहवालात उणिवा होत्या. वाघिणींवर झाकणे घातली, धूळ दाबणारे द्रव फवारले, तर धूळ किती कमी होईल याचा नीट हिशेब नव्हता. हवेच्या नियमनाची यंत्रणा काय करील याचा विचार अपुरा होता. या बाबतीत न्यायमूर्तींचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे आहे, असे मी म्हणत नाही. ढिसाळ कागद घेऊन कोर्टात जाणे हा ज्यांच्यासाठी लढायचे त्यांचाच घात आहे. आमच्याकडे अत्याचाराच्या खटल्यांत पंचनामा कच्चा राहतो आणि आरोपी सुटतात, हे आम्ही रोज पाहतो. २०२० साली वरच्या न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी हाच निकाल कायम केला. पुढे भाडेपट्ट्याचा वेगळा वाद राज्याच्या न्यायालयात गेला आणि २०२३ साली तिथेही निकाल विकासकाकडे गेला.

पण मजकुराची समीक्षा करताना त्यात काय आहे एवढेच पाहून भागत नाही. काय गृहीत धरले आहे ते पाहावे लागते. या निकालात गृहीत आहे ते असे की, निरुपद्रवी असणे ही कोळशाची मूळ स्थिती आहे आणि उपद्रव सिद्ध करायचा आहे. श्वास घेणाऱ्याने सिद्ध करावे की त्याला धोका आहे. धूळ आणणाऱ्याने काहीच सिद्ध करायचे नाही. हे गृहीत न्यायमूर्तींनी निर्माण केलेले नाही. ते २०१३ च्या करारातच रोवले होते, आणि तो करार झाला तेव्हा त्या मेजावर कोळशाचा उच्चार नव्हता आणि वस्तीची खुर्चीही नव्हती.

याच्या शेजारी दुसरी एक हकीकत ठेवतो. वायोमिंग आणि मोंटानातल्या पावडर नदीच्या खोऱ्यातून अमेरिकेच्या कोळशाचा फार मोठा हिस्सा निघतो. तिथल्या रुळांवर मे २००५ मध्ये दोन गाड्या घसरल्या. रेल्वे कंपन्यांनी कारण सांगितले: वाघिणींतून उडणारी कोळशाची धूळ रुळांखालच्या खडीत साचते, पाणी मुरू देत नाही, रूळ खचतो. बर्लिंग्टन नॉर्दर्न सांता फे या कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केले होते की प्रवासात एकेका वाघिणीतून साधारण २२५ ते ९०० किलो धूळ उडू शकते. एका गाडीला सव्वाशेच्या आसपास वाघिणी असतात. कंपनीने कोळसा पाठवणाऱ्यांवर धूळ रोखण्याची सक्ती करायचे ठरवले. वीज कंपन्या भांडायला आल्या. २०११ साली संघीय रेल्वे नियामक मंडळाने मान्य केले की कोळशाची धूळ खडीला अपायकारक आहे.

मित्रहो, इथे थांबून विचार करा. कोळशाची धूळ दगडाला अपाय करते, हे सिद्ध झाले. पोराच्या छातीला अपाय करते, हे सिद्ध व्हायचे होते. कारण दगड कंपनीचा होता.

निकालानंतर पाच वर्षांनी, २०२३ साली, ओकलंडच्या शेजारच्या रिचमंड गावातल्या रुळांकाठी केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रिचमंडला कोळसा आधीपासूनच येत होता. भरलेली कोळसागाडी जाते तेव्हा हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण दर घनमीटरला सरासरी ८ मायक्रोग्रॅमच्या आसपास वाढते, असे त्यात आढळले. इतर मालगाड्यांपेक्षा ही वाढ अधिक होती. म्हणजे पुरावा आला. पण कोर्टाची वेळ संपल्यावर आला. गरिबाचा पुरावा नेहमी उशिरा येतो. कारण तो गोळा करायला यंत्र लागते, यंत्राला पैसा लागतो, आणि पैसा ज्याच्याकडे असतो तो त्या रुळाकाठी राहत नाही.

५

मग ही माणसे कधी जिंकतच नाहीत काय? जिंकतात, आणि कशी जिंकतात हे पाहण्याजोगे आहे.

२०१० नंतरच्या काही वर्षांत पावडर नदीचा कोळसा आशियाला पाठवण्यासाठी वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांत सहा धक्के बांधण्याचे बेत निघाले. सहांतला एकही उभा राहिला नाही. त्यांतला सर्वांत मोठा चेरी पॉइंट इथला. वर्षाला ४.८ कोटी टन कोळसा, रोज दीडेक मैल लांबीच्या अठरा गाड्या, नऊ भरलेल्या येणार आणि नऊ रिकाम्या जाणार. ती जागा लमी या आदिवासी राष्ट्राच्या पूर्वजांची. सुमारे ३५०० वर्षांची वस्ती, तिथेच त्यांची दफने, तिथेच मासेमारी. सप्टेंबर २०१२ मध्ये लमींनी त्या किनाऱ्यावर दहा लाख डॉलरचा एक नकली धनादेश जाळला. आमची किंमत होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मला महाडची आठवण झाली. पण आठवण झाली म्हणून दोन्ही एक होत नाहीत. २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांनी जाळली ती गुलामीची संहिता होती. लमींनी जाळला तो मोबदला होता. त्यांना आपल्या पूर्वजांची भूमी राखायची होती. आमच्याजवळ राखावी अशी भूमी कुणी ठेवलीच नव्हती. आम्हाला गावातून बाहेर पडायचे होते. हा फरक विसरून जो उठतो तो ‘आदिवासी, दलित, कृष्णवर्णीय सारे एकच’ असे म्हणतो. ऐक्य असे फुकट मिळत नाही.

लमी जिंकले ते धनादेश जाळून नव्हे. १८५५ साली अमेरिकेच्या सरकारने पॉइंट इलियट इथे त्या भागातल्या आदिवासींशी तह केला होता. जमीन सोडून देताना त्यांनी नेहमीच्या ठिकाणी मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला होता. हा तिसरा करार, आणि तिन्हींत जुना. शंभर वर्षे तो कागदावरच होता. गोरे मच्छीमार आणि राज्याचे पोलीस लमींच्या जाळ्या कापत. तुरुंग भोगून, मार खाऊन त्यांनी तो कोर्टात नेला, आणि १९७४ साली न्यायमूर्ती बोल्ट यांनी ठरवले की माशांच्या निम्म्या वाट्यावर या राष्ट्रांचा हक्क आहे. जानेवारी २०१५ मध्ये लमींनी लष्कराच्या अभियंता विभागाला कळवले की या धक्क्याने तहाचा भंग होतो, परवाना नाकारा. ९ मे २०१६ रोजी परवाना नाकारला गेला. कोळसा घातक आहे का, हवामान बदलते का, यात कुणी शिरले नाही. तहाने दिलेल्या मासेमारीला क्षुल्लक म्हणता येणार नाही अशी बाधा येते, एवढेच पुरले.

ओझे कुणाच्या डोक्यावर होते पाहा. तह होता, म्हणून बाधा येणार नाही असे दाखवण्याची पाळी धक्का बांधणाऱ्यांवर आली. ओकलंडच्या वस्तीजवळ तह नव्हता. उलट तिच्याच शहराने तिच्या नावाने दुसऱ्याला करार लिहून दिला होता.

आणि इथेही गोष्ट सरळ नाही. मोंटानातल्या क्रो या दुसऱ्या आदिवासी राष्ट्राच्या जमिनीखाली कोळसा आहे. त्यांचा या धक्क्याला पाठिंबा होता, कारण कोळसा विकला तर शाळा, दवाखाना, पगार. एका आदिवासीच्या माशाविरुद्ध दुसऱ्या आदिवासीचा कोळसा उभा केला गेला. जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हणताना बाबासाहेबांनी नेमके काय सांगितले, हे ज्याला कळले आहे त्याला हे नवे वाटणार नाही.

६

आता आपल्या अंगणात येतो.

महाडच्या सत्याग्रहाचे वर्णन आपल्या साहित्यात पुष्कळ आहे. त्याच्या खटल्याचे वर्णन फार थोडे. चवदार तळ्यावरचा दावा डिसेंबर १९२७ मध्ये लागला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल आला १७ मार्च १९३७ रोजी. सवर्ण वादींचे म्हणणे होते की अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे. कोर्टाने विचारले, सिद्ध करा. ते त्यांना सिद्ध करता आले नाही, आणि म्हणून ते हरले. पाणी पिण्याचा हक्क आम्हाला आहे का, हे आम्ही सिद्ध करायचे नव्हते. आम्हाला अडवण्याचा हक्क तुम्हाला आहे का, हे त्यांनी सिद्ध करायचे होते. बाबासाहेबांची सारी वकिली या एका उलथापालथीत आहे. पुराव्याचे ओझे त्यांनी अस्पृश्याच्या डोक्यावरून उतरवून सवर्णाच्या डोक्यावर ठेवले. १९४७ साली त्यांनी राज्ये आणि अल्पसंख्याक यांविषयीचे निवेदन लिहिले, तेव्हाही त्यांचा आग्रह होता की संरक्षणे कुणाच्या सद्भावनेवर न सोडता ती लेखी असावीत. ही लमींच्या तहाची रीत झाली.

आणि आम्ही? आम्ही समीक्षेच्या कोर्टात पन्नास वर्षे आपलेच ओझे वाहत राहिलो. आमचे लेखन साहित्य कसे आहे हे सिद्ध करण्यात एक पिढी गेली. ज्या अभिरुचीला शेणाचा वास येतो आणि ज्वारीचा येत नाही, तिलाच साहित्य पारखण्याचा अधिकार कुणी दिला, हे तिने सिद्ध करावे, असे ठणकावून सांगणारे थोडे निघाले.

आमचे स्वतःचेही चुकते. आमच्या कवितेत कोळसा, धूर, राख पुष्कळ आहे. पण बहुधा ती प्रतीके म्हणून येतात. कोळसा म्हणजे काळेपणा, धूर म्हणजे घुसमट, राख म्हणजे उद्ध्वस्तता. कोळसा म्हणजे कोळसा, जो छातीत जातो, ज्याचे वजन करता येते, ज्याचा मालक असतो, असा तो आमच्या लेखनात क्वचितच येतो. प्रतीक झाले की वस्तूचा मालक सुटतो. ज्या चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्याच चंद्रपुराभोवती कोळशाच्या खाणी आणि एक मोठे औष्णिक वीज केंद्र आहे. दीक्षाभूमीवर आम्ही दर वर्षी जातो, गाणी गातो. त्या गावच्या हवेवर आम्ही काय लिहिले?

दुसऱ्या बाजूला मराठीतले निसर्गलेखन. त्यात जंगल आहे, पक्षी आहेत, हरवलेले गाव आहे. गाव हरवले म्हणून रडणाऱ्याला विचारावेसे वाटते, त्या गावात आमचे घर कोणत्या बाजूला होते? गोव्यातल्या आंदोलनाचे उदाहरण घ्या. मुरगाव बंदरात परदेशी कोळसा उतरतो आणि रेल्वेने घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. २०१७ साली वास्कोच्या जनसुनावण्यांत लोकांनी दिवसचे दिवस साक्षी दिल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदोर इथे रात्रभर माणसे रुळांवर बसली. ‘गोंयांत कोळसो नाका’ ही घोषणा घरोघर गेली. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोले अभयारण्यातून जाणाऱ्या दुहेरी रेल्वेमार्गाची वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली. हा विजय आहे, आणि मी त्याचा आनंद मानतो. तरी नोंदवून ठेवतो की कोर्टात उपयोगी पडले ते वाघाचे अरण्य. वास्कोच्या घरांत फरशीवर बसणारी काळी पूड, ती रोज पुसणाऱ्या बाईचा हात आणि तिचा खोकला, यांच्यासाठी तसा निकाल आलेला नाही. वाघाला कायदा आहे, हे चांगलेच आहे. पण पुसणाऱ्या हातालाही तो लागेल.

७

तरुण कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. उपदेश म्हणून नव्हे. माझ्याकडून ज्या राहून गेल्या त्या म्हणून.

एक. मोजायला शिका. पश्चिम ओकलंडच्या बायांनी ट्रक मोजले. तुमच्या वस्तीशेजारून किती वाघिणी जातात, किती उघड्या असतात, किती मुलांना दमा आहे, हे वहीत तारखेनिशी लिहा. ती वही उद्या कोर्टात जाईल आणि परवा कुणी तिच्यातून कादंबरी लिहील. दस्तऐवज या शब्दाला आपण घाबरायचे कारण नाही. बाबासाहेब ड्यू बॉइसकडे दस्तऐवजच मागत होते.

दोन. करार वाचा. तुमच्या नावाने नगरपालिका, ग्रामपंचायत, औद्योगिक महामंडळ काय लिहून देते ते सही होण्याआधी वाचा. ओकलंडची बंदी २०१६ साली झाली आणि तिचा पराभव २०१३ सालीच छापून तयार होता.

तीन. ओझे उलटवा. आम्हाला अपाय होतो हे सिद्ध करा, असे कुणी म्हणाला, तर लगेच कागद शोधायला धावू नका. अपाय होणार नाही हे तू सिद्ध कर, हा प्रश्न आधी विचारा. साहित्यातही हाच विचारा.

रिचमंडच्या लोकांनी वेगळी वाट काढली. २०२० साली त्यांच्या शहराने कोळसा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम केला, आणि खटले लागल्यावर २०२१ साली तडजोड होऊन २०२६ च्या अखेरीपर्यंतची मुदत ठरली. लेखी ठरली. ओकलंडच्या त्या जागेवर २०२३ पर्यंत कोळशाची एकही वाघीण रिकामी झालेली नव्हती. निकाल विरुद्ध जाऊनही माणसे आडवी उभी होती.

माझ्या आईची टोपली मी ठेवलेली नाही. ती कधीच मोडून चुलीत गेली. पण ती कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत राखेच्या खड्ड्यावर जात होती, पहाटे किती वाजता जाई, बरोबर कोण कोण बाया असत आणि त्यांतल्या किती जणी खोकून मेल्या, हे मी आता लिहून काढायला घेतले आहे. वस्तीतल्या दोन म्हाताऱ्या अजून आहेत. त्यांना विचारून तारखा जुळवतो आहे. ते साहित्य होईल की पुरावा होईल, याची चिंता मी सोडून दिली आहे. ज्यांना ते नाकारायचे असेल त्यांनी आता नाकारण्याचे कारण सिद्ध करावे.